परदेशी समुद्री जनावर : आधी कागद, मग बयाणा

कापडाच्या गाठी उघडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी माशांच्या व्यापारावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही दोन वर्षांपूर्वी कोणी हे सांगितले असते तर हसू आले असते. पण नागापूरच्या एम.आय.डी.सी.त आमच्या भाच्याचे काचकामाचे लहानसे वर्कशॉप आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, शोकेस हे त्याचे मूळ काम. त्यातच माशांच्या टाक्या बनवण्याचे काम वाढले. दवाखाने, हॉटेले, बंगले, सगळीकडून मागणी येऊ लागली. आधी गोड्या पाण्याच्या टाक्या होत्या, आता लोकांना समुद्राची टाकी हवी आहे. तिला या लाईनमध्ये 'रीफ टँक' म्हणतात.

इथपर्यंत सर्व ठीक आहे. काच आपली, लाकडी स्टँड आपल्या सुताराचा, वायरिंग आपल्या इलेक्ट्रिशियनचे. पण गिऱ्हाईक तिथे थांबत नाही. ते म्हणते, 'आत काय सोडणार तेही तुम्हीच बघा. बाहेरदेशातून मागवा. नगरमध्ये कोणाकडे नसेल असे पाहिजे.' आणि ज्याला काचेच्या पलीकडे काही ठाऊक नाही असा आमचा कारागीर एका रात्रीत आयातदार होतो. बयाणा घेतो, मुंबईच्या कोणा एजंटाला फोन करतो आणि अडकतो. असे काम हाताशी आलेल्या कारागिरांसाठी आणि त्यांना भांडवल देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही आमचा तजुर्बा इथे मांडत आहोत.

टाकी म्हणजे काय असते

आमच्या पिढीतील बहुतेकांनी समुद्राचा रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर होते, म्हणजे समोरच समुद्र. नागापूर समुद्रापासून खूप आत आहे. इथे समुद्र तयार करावा लागतो.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एका भरण्याला सुमारे २४ किलो खास मीठ लागते. हे किराणा दुकानातले मीठ नव्हे. पाणी बोअरचे किंवा नळाचे चालत नाही, ते आर.ओ. मशीनमधून काढून घ्यावे लागते. पाण्याचा पारा २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, म्हणून चिलर लागतो, आणि वीज गेली की चिलर व पंप चालवायला इन्व्हर्टर किंवा जनरेटर. पाणी भरल्यावर लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्म जंतू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी रिकामी चालवावी लागते.

एवढे सांगण्याचे कारण असे की गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी हे सांगितले पाहिजे. लग्नाच्या आठ दिवस आधी टाकी हवी म्हणणाऱ्याला नकार देणे हेच इमानदारीचे काम आहे.

माल येतो कुठून

गोड्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतेक तलावांत आणि हौदांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचे उलट आहे. बाजारात येणारे बहुतेक समुद्री मासे खुल्या समुद्रातून पकडलेले असतात. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, श्रीलंका, मालदीव, केनिया ही त्यांची ठिकाणे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा या व्यापारावरील अहवाल २००३ साली निघाला. त्यात समुद्री माशांच्या १,४७१ जातींचा व्यापार होतो आणि जगभर वर्षाला दोन कोटींहून अधिक मासे विकले जातात, असे नमूद आहे.

ही साखळी आपल्या कापडाच्या साखळीसारखीच आहे. बेटावरचा पाणबुडा मासा धरतो. गावचा दलाल तो गोळा करतो. शहरातला निर्यातदार तो हौदात ठेवतो, निवडतो, प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. विमान तो आणते. इथला आयातदार सोडवून घेतो. मग दुकानदार, मग आपण. भिवंडीच्या मागावरून निघालेले कापड नगरच्या कापडबाजारात पोचेपर्यंत जेवढे हात लागतात, तेवढेच इथेही लागतात. फरक एकच. आपला माल गोदामात सहा महिने पडून राहिला तरी कापडच राहतो. हा माल दर तासाला श्वास घेतो.

पाणबुड्याने मासा कसा धरला यावरही त्याचे आयुष्य ठरते. जाळीने धरलेला मासा टिकतो. पण फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून एक वाईट पद्धत पडली. पाण्यात सायनाइड विष फवारायचे, मासा गुंगला की उचलायचा. हीच पद्धत इंडोनेशियातही पसरली. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो, पण आतून त्याचे यकृत, आतडी बिघडलेली असतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो मरतो आणि दोष टाकीवाल्यावर येतो. शिवाय त्या विषाने जवळचे प्रवाळही मरते. आतून सडलेल्या सुताचे तागे वरून कांजी लावून विकण्यासारखाच हा प्रकार आहे.

दुर्मीळ म्हणजे महाग का

गिऱ्हाइकाला दुर्मीळ हवे असते. पण दुर्मीळपणाची कारणे वेगवेगळी असतात आणि ती समजून घेतल्याशिवाय भाव सांगू नये.

काही मासे खोल पाण्यात राहतात. कुक बेटांजवळ पेपरमिंट एंजल नावाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लहान मासा मिळतो. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १९९२ साली केली. तो पन्नास मीटरपेक्षा खोल असतो. तिथे उतरणारा पाणबुडा जीव धोक्यात घालतो, आणि मासा एकदम वर आणला तर त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगून तो मरतो. त्याला टप्प्याटप्प्याने वर आणावे लागते. अशा एका माशाची किंमत सुमारे तीस हजार डॉलर सांगितली गेली आहे. हा भाव माशाचा कमी आणि त्या खोलीचा जास्त.

काही मासे कायद्याने दुर्मीळ होतात. हवाई बेटांवरचा पिवळाधमक यलो टँग मासा एकेकाळी सर्रास मिळत असे. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पकडण्याच्या परवान्यांना पर्यावरण तपासणी लागेल असा निकाल दिला, पुरवठा आटला आणि भाव अनेक पटींनी चढला. इंडोनेशियाने २०१८ साली प्रवाळाची निर्यात थांबवली, ती २०२० साली पुन्हा सुरू केली. ज्या व्यापाऱ्यांनी मधल्या काळासाठी आगाऊ पैसे घेतले होते त्यांची काय हालत झाली असेल, हे कापूस किंवा सुताची निर्यातबंदी पाहिलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको.

तुटीचा हिशेब

आता खऱ्या हिशेबाकडे येऊ. समजा निर्यातदाराकडे एक मासा १०० रुपयांना आहे आणि आपण दहा घेतले. माल झाला १,००० रुपये. विमानभाडे माशाचे नसते, पाण्याचे आणि खोक्याचे असते. ते, कागदपत्रे, सोडवणूक आणि इथली वाहतूक मिळून समजा १,५०० रुपये. एकूण २,५००. कच्च्या हिशेबाने एक मासा २५० ला पडला. पण दोन मासे पिशवीतच मेले आणि एक पहिल्या पंधरवड्यात गेला. राहिले सात. आता एक मासा ३५७ रुपयांना पडला. चार गेले तर ४१७ ला. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण पद्धत हीच आहे. या धंद्यात खरेदीचा भाव पाहून विक्रीचा भाव ठरवणारा बुडतो. जगलेल्या मालावर भाव ठरवावा.

तूट का होते तेही पाहा. मासा पाठवण्याआधी त्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतले पाणी कमी घाण होते. दुहेरी पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून ती थर्मोकोलच्या खोक्यात ठेवतात. प्रवासात मासा श्वासातून कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होते. त्याच पाण्यात साठलेला अमोनिया आम्लामुळे फारसा विषारी राहत नाही. पण पिशवी उघडताच वायू निघून जातो, आम्ल कमी होते आणि तोच अमोनिया एकदम जहरी होतो. म्हणून लांबच्या प्रवासाहून आलेली पिशवी उघडून तासन्तास तशीच ठेवू नये. बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी, क्षारता आधीच जुळवून ठेवलेल्या वेगळ्या टाकीत मासा लवकर सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

ही वेगळी टाकी चैनीची वस्तू नाही. समुद्री माशांना अंगावर पांढरे दाणे येणारा एक रोग होतो. त्यावर तांब्याचे औषध चालते, पण तेच औषध प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना मारते. म्हणून नवा मासा निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. एकदा रोग मोठ्या टाकीत शिरला की सर्व मासे बाहेर काढून ती अडीच महिने बिनमाशांची चालवावी लागते. अडीच महिने गिऱ्हाइकाला रिकामी टाकी दाखवणे कोणाला परवडते?

आमच्या भाच्याला तूट कशी असते हे पहिल्याच मालात कळले, आणि त्याचे कारण आमच्या गावाचे नाव. शहरातल्या एका डॉक्टरसाहेबांची सहा फुटी टाकी त्याने बनवली. मुंबईहून आठ मासे रीतसर बिलावर मागवले. वाहतूकवाल्याने पत्त्यावरचे नागापूर वाचले आणि खोके नागपूरला रवाना केले. पाचशेहून अधिक किलोमीटर तिकडे आणि तितकेच परत. आमच्या कापडाच्या गाठीही अशा दोनदा तिकडे गेल्या आहेत. गाठ आठ दिवस उशिरा आली, आम्ही शिव्या घातल्या आणि विसरलो. माशांचे खोके चौथ्या दिवशी हातात आले तेव्हा आठापैकी पाच मेलेले होते. नुकसानीची तक्रार मानली गेली नाही, कारण माल मिळाल्यावर काही तासांत बंद पिशवीतल्या मेलेल्या माशाचा फोटो पाठवण्याची अट होती आणि ती कोणी वाचलीच नव्हती. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत तालुका, जिल्हा, पिनकोड आणि 'नागपूर नव्हे' असे लिहिलेले असते. मालही तो शक्यतो स्वतः जाऊन आणतो.

कागद कोणते लागतात

आता या लेखाचा मुख्य भाग. परदेशातून जिवंत मासा आणणे म्हणजे दुबईहून अत्तर आणणे नव्हे. प्रवाशाच्या बॅगेतून हा माल आणता येत नाही. रीतसर आयात करणाऱ्याकडे पुढील गोष्टी असाव्या लागतात.

पहिली, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड. दुसरी, केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाची आयातीपूर्वी घेतलेली आरोग्यविषयक परवानगी. ती शासनाने मान्य केलेल्या जातींसाठीच मिळते. तिसरी, ज्या देशातून माल येतो तिथल्या सरकारी अधिकाऱ्याचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र. चौथी, इथे उतरल्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत माल वेगळा ठेवून तपासणी. पाचवी, कस्टमची बिल ऑफ एंट्री.

याशिवाय 'सायटीस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील हा करार १९७३ साली वॉशिंग्टनला झाला. भारत त्यात १९७६ पासून आहे. कराराच्या याद्यांत ज्या जाती आहेत, त्या निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय हलवता येत नाहीत. कठीण प्रवाळ, समुद्रघोडे, ट्रायडॅक्ना जातीचे मोठे शिंपले त्यात आहेत. मेक्सिकोच्या बेटांजवळचा क्लॅरिओन एंजल हा केशरी मासा २०१६ साली त्या यादीत गेला.

आमच्यासारख्या लहान माणसाने स्वतः आयात करण्याच्या भानगडीत पडू नये. पण ज्याच्याकडून माल घेतो त्याच्याकडे त्या मालाच्या बिल ऑफ एंट्रीची प्रत मागावी. खरा आयातदार ती दाखवतो. आपल्या बिलावर माशाचे बाजारी नाव नको, शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. एकाच कापडाला सुरतेत एक नाव, मालेगावात दुसरे आणि नगरमध्ये तिसरे, हे आपल्याला माहीत आहे. माशांचेही तसेच आहे, आणि कायदा बाजारी नाव ओळखत नाही.

जे कधीच घेऊ नये

आपल्या देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या घालण्यात आल्या. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे ती यादी. ज्याला काही लोक 'लाईव्ह रॉक' म्हणून विकतात तो दगड मुळात प्रवाळाचाच सांगाडा असतो. प्रवाळ मेलेले असले तरी सुटका नाही. उमऱ्याहून परतताना जेद्दाच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

एजंट सांगतो, 'हे इंडोनेशियाचे प्रवाळ आहे, भारताचा कायदा त्याला लागत नाही.' हे खोटे आहे. अनुसूचीत प्रवाळाचा संपूर्ण गण लिहिलेला आहे, देश लिहिलेला नाही. या अनुसूचीतल्या जनावराचा व्यापार केला किंवा ते बेकायदा जवळ बाळगले तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. ज्या गाडीतून माल नेला ती गाडीही सरकारजमा होऊ शकते. विचार करा, गाडी कोणाची असते? एजंटाची नसते, कारागिराची असते.

डिसेंबर २०२२ मध्ये हा कायदा बदलला आणि बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात सायटीसच्या जातींसाठी वेगळी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशी परदेशी जिवंत जात ज्याच्याकडे असेल त्याने केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची आहे. जुन्या जनावरांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, आता नवीन जनावर हाती आल्यापासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. हस्तांतर, जन्म, मृत्यूही कळवावा लागतो. म्हणजे आपण गिऱ्हाइकाला असे जनावर दिले तर नोंद त्याच्या नावाने झाली पाहिजे, आणि हे त्याला आधी सांगणे आपले काम आहे.

कायदा बदलत राहतो हेही विसरू नये. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढून १५८ जातींच्या विक्रीवर बंदी घातली होती. क्लाउनफिशही त्यात होता. पुढे ते नियम मागे घेण्यात आले. मधल्या काळात दुकानात माल असलेल्याने काय करावे? म्हणून खरेदीच्या दिवशी कायदा काय आहे ते पाहावे. शंका असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

यादी आली तेव्हा

डॉक्टरसाहेबांच्या टाकीत पाच मासे मेल्यावर भाच्यावर दडपण आले. बयाण्यातले पैसे काचेत आणि चिलरमध्ये गेले होते. अशात एका एजंटाने यादी पाठवली. त्यात दोन जातींचे प्रवाळ होते, समुद्रघोड्यांची जोडी होती, निळ्या कडेचा एक मोठा शिंपला होता. भाव असा की भाच्याचे सर्व नुकसान एका फेरीत भरून निघावे. माल कोणा प्रवाशाच्या सामानातून येणार होता.

भाचा यादी घेऊन दुकानावर आला. म्हणाला, 'मामू, वीस हजार द्या, पंधरा दिवसांत परत करतो.'

आम्ही म्हटले, 'बिल?'

'बिल नाही मिळणार.'

'मग डॉक्टरांना काय देणार? उद्या कोणी विचारले तर ते काय दाखवतील?'

तो गप्प राहिला. मग रागाने म्हणाला, 'सगळेच करतात, मामू. मीच एकटा उपाशी मरू का?'

आम्ही पैसे दिले नाहीत. त्या रात्री आम्हालाही झोप आली नाही, हे कबूल केले पाहिजे. बहिणीचा मुलगा आहे, दोन कामगारांचा पगार त्याच्या डोक्यावर होता. पण आम्ही लहानपणी जे शिकलो ते आठवत राहिले. फिक्हच्या किताबांत गरर, म्हणजे धोक्याचा सौदा, समजावताना पाण्यातल्या न धरलेल्या माशाचेच उदाहरण दिले जाते. जो माल आपल्या हातात नाही, येईल की नाही, जिवंत येईल की मेलेला, हे माहीत नाही, तो विकून पैसे घ्यायचे नाहीत. त्या सौद्यात हा धोका तर होताच, वर चोरीही होती. आणि जी चूक आपण करणार ती गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. भाच्याने सरळ सांगितले की यादीतले प्रवाळ आणि समुद्रघोडे आणणे गुन्हा आहे, आणि ते तुमच्या घरात सापडले तर तुमच्यावरही येईल. डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे बयाणा घेताना का सांगितले नाही?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. जनावरांपोटी दिलेले पैसे त्यांनी परत मागितले. भाच्याने ते चार हप्त्यांत फेडले. टाकी मात्र त्यांनी ठेवली.

दुसरा रस्ता

त्या टाकीत आज काय आहे? राहिलेल्या तीन माशांबरोबर हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशच्या दोन जोड्या आहेत. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा आता आपल्या देशात पैदास होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे त्याची पैदास यशस्वी केली. आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी हॅचरी उभी राहिली आहे. मादी दगडावर अंडी घालते, नर त्यांना पंख्यासारखी हवा घालतो, सुमारे आठवड्याने रात्री पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना सूक्ष्म जिवंत खाद्य लागते. टाकीत जन्मलेला मासा टाकीलाच समुद्र समजतो. दाणा खातो, विष खाल्लेला नसतो, कस्टममधून यायचा नसतो. परदेशातही हाच प्रवाह आहे. तो महागलेला यलो टँग हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली हॅचरीत वाढवून दाखवला. उद्याचा दुर्मीळ माल समुद्रातून नव्हे, हौदातून येणार आहे.

आणि दगड? ते भाच्याने स्वतः बनवले. पांढरे सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून, मिठाच्या खड्यांनी छिद्रे पाडून त्याने खडकांचे आकार ओतले. कित्येक आठवडे पाणी बदलत भिजत ठेवले, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून मासे मारतो. आता पुण्याचे दोन दुकानदार त्याच्याकडून असे दगड घेतात. प्रवाळाला हात न लावता प्रवाळाचे घर बनवता येते, हे काम आपल्या गवंड्यांचे आणि फरशीकामगारांचे आहे.

म्हणून या कामात पडणाऱ्या भावांना आमचे सांगणे थोडक्यात असे. टाकीचे बिल आणि जनावरांचे बिल वेगळे ठेवा. जनावरांसाठी बयाणा घेण्याआधी जातीचे शास्त्रीय नाव, कुठून येणार, कागद कोणते, वाटेत मेले तर नुकसान कोणाचे, हे चार मुद्दे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. माल मेलेला आला तर काही तासांत फोटो. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत. बिलाशिवाय काही घेऊ नका आणि कोणाच्या बॅगेतून काही मागवू नका.

भाच्याचे काम आता बरे चालले आहे, फार जोरात नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या एका मित्राचे काम त्याच्याकडे पाठवले. नवे गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत म्हणाले, 'कोणाकडे नसेल असे काहीतरी बाहेरून मागवा.' भाच्याने बयाण्याची पावती बाजूला ठेवली आणि आधी कायद्याची यादी समोर ठेवली.